कॅम्पर व्हॅनचे एक्स्ट्रा लाइट घाटात मंद होतात, लुकलुकतात, बंद पडतात: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

जून लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "ताई, ताम्हिणीत लाइट गेले. दारात लावून बघितले होते तेव्हा अगदी लख्ख होते." गाडी धायरीला आमच्या अंगणात येते, मी मीटर घेऊन बसते, आणि बहुतेक वेळा दिव्यात काहीच बिघाड नसतो. सात वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको आमची व्हॅन कॅम्पर, म्हणजे आत झोपता-रांधता येईल अशी, करायला बसलो. वायरिंग माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्यांच्या व्हॅनवर हा एकच आजार मी पुन्हा पुन्हा बघतेय. बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट जातो ती वाट आणि दिव्यापासून तो परत येतो ती वाट, यांच्यात कुठेतरी अडथळा असतो. म्हणून नवे दिवे घ्यायला नाना पेठेत जाण्याआधी हे वाचा. वाट खराब असेल तर नवे दिवेही पहिल्या पावसात तसेच वागणार आहेत.

आधी लक्षणं नीट बघा

"लाइट चालत नाहीत" एवढ्यावरून काही सापडत नाही. काय होतं आणि कधी होतं, ते कागदावर लिहा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा:

- गाडी उभी असताना ठीक, रस्त्याला लागल्यावर खड्ड्यागणिक लुकलुकतात.
- दोन दिव्यांपैकी एकच मंद.
- पाच-दहा मिनिटं चांगले चालतात, मग जातात, थोड्या वेळाने आपोआप परत लागतात.
- बटण दाबलं की रिले (बटणाच्या छोट्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) टक्क वाजतो पण दिवा लागत नाही; किंवा रिले टकटकटक करत राहतो.
- फ्यूज उडतो. काही गाड्यांत लगेच, काहींत फक्त पावसात.
- इंडिकेटर दिला की एक्स्ट्रा दिवाही त्याच तालावर कमीजास्त होतो.
- काचेच्या आत वाफ किंवा पाणी.
- दिवे लावले की एफएमवर खरखर.
- बटण बंद, तरी दिवे चालू, आणि सकाळी बॅटरी उतरलेली.

एकच दिवा रुसला असेल तर त्या दिव्याचं अर्थिंग (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो ती जोडणी) किंवा त्याचा कपलर (वायरी जोडायचा-सोडवायचा प्लग) बघायचा. दोन्ही एकदम गेले तर दोघांची सामाईक वाट बघायची: बॅटरी, फ्यूज, रिले, मुख्य वायर, आणि दोघांचं अर्थ एकाच बोल्टवर असेल तर तो बोल्टही. इंडिकेटरच्या तालावर नाचणारा दिवा म्हणजे दोघांचं अर्थ एकाच बोल्टवर आहे आणि तो बोल्ट खराब आहे, हे मी आता गाडी न बघताही सांगते.

इथे एक फरक समजून घ्या, कारण यात बरेच जण फसतात. हॅलोजनला व्होल्टेज कमी मिळालं की तो पिवळट आणि मंद होतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश तीसएक टक्के घटतो, त्यामुळे डोळ्याला लगेच कळतं. एलईडीच्या आत मात्र त्याला लागेल तेवढाच करंट देणारं ड्रायव्हर सर्किट असतं. व्होल्टेज कमी झालं की बरेचसे ड्रायव्हर जास्त करंट ओढून प्रकाश तेवढाच ठेवतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आतून वायर तापत जाते. मग व्होल्टेज आणखी घसरून ड्रायव्हरच्या खालच्या मर्यादेपर्यंत येतं आणि तो एकदम बंद होतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं, तो परत लागतो. घाटात दिसणारी उघडझाप बऱ्याचदा हीच असते.

आणि एक दिलासा. उभ्या गाडीत पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवलेला एलईडी दिवा जरा मंद झाला तर तो बिघाड नसू शकतो. चांगले दिवे वारा न मिळाल्याने तापले की स्वतःच प्रकाश कमी करून घेतात. गाडी चालू लागल्यावर तो परत वाढला तर काळजी करू नका.

लागणारं साहित्य

साधा मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, काँटॅक्ट क्लीनरचा डबा, पेट्रोलियम जेली. टेस्ट लॅम्प असेल तर उत्तम. एक माणूस मदतीला हवा, कारण खरी मोजणी दिवे चालू असतानाच करायची आहे.

१. हात लावून बघा

इंजिन बंद, दिवे चालू. दिवा हाताने हलवा, मग त्याची वायर हलवा, मग कपलर. कुठे हलवल्यावर लुकलुकतो ते लक्षात ठेवा. हलवूनही प्रकाश स्थिर राहिला आणि फक्त झोत थरथरला, तर दोष विजेचा नाही, ब्रॅकेटचा आहे. पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटवर जड दिवा लावला की खराब रस्त्यावर झोत इतका नाचतो की चालवणाऱ्याला दिवा बंद-चालू होतोय असंच वाटतं. पानशेतच्या पुढच्या रस्त्यावर एका मित्राने याच कारणाने तीन ठिकाणचं वायरिंग उघडलं होतं. जाड ब्रॅकेट आणि हादऱ्यांनी सैल न होणारा नायलॉकचा नट, एवढ्यावर ते काम संपलं.

दिवे दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कोमट चालेल. जिथे चटका बसतो तिथे अडथळा आहे. ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्या गाड्यांत जागा तिथेच सापडते.

२. फ्यूज

फ्यूज काढून बघा. नुसतं वरून बघू नका, पाय बघा. पाय काळे किंवा होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर फ्यूज शाबूत असूनही होल्डर गेलेला आहे, तो बदला. पट्टीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५ आणि हिरवा ३० अँपिअर.

किती अँपिअरचा हवा? दिव्यांचे वॅट १२ ने भागा. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. त्याला १५ चा फ्यूज पुरे. माझ्याकडे अशा गाड्या आल्यात जिथे १५ चा उडतो म्हणून ३० चा घातला होता, तोही टिकेना म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. कृपया असं कधीच करू नका. फ्यूज वायरला वाचवतो. मोठा फ्यूज घातला की आग लागण्याआधी तुटणारी शेवटची गोष्ट तुम्ही काढून टाकता, आणि कॅम्परमध्ये त्या वायरीशेजारी फोम, प्लायवूड, पडदे आणि गॅसची शेगडी असते. लोक त्यात झोपतात.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात आहे ना, तेही बघा. तो दिव्याजवळ लावला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर आहे.

३. बॅटरी आणि तिची टर्मिनल

इंजिन बंद करून तासभर थांबा आणि मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवं. नाही आलं तर दिव्यांचा विचार सोडा, आधी अल्टरनेटर दाखवा.

कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या असतात, आणि पुष्कळजण एक्स्ट्रा लाइट मागच्या घरातल्या बॅटरीवर जोडतात. तिची निगेटिव्ह चासीला जाड वायरीने जोडलेली असायला हवी. दिवे लावून दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्हमध्ये व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर करंट परतीची वाट शोधत भलत्याच वायरींतून फिरतोय. माझं मत विचाराल तर बाहेरचे दिवे इंजिनच्या बॅटरीवरच ठेवा. गाडी चालू असतानाच ते लागतात, तेव्हा अल्टरनेटर आहेच.

४. अर्थिंग. इथे घाई करू नका

गेल्या पावसाळ्यात एक मित्र कुटुंबासह ताम्हिणीमार्गे माणगावकडे निघाला होता. मुळशी धरणाच्या पुढे धुकं दाट झालं, एका वळणावर खालचे दोन्ही दिवे गेले. मागे दोन मुलं झोपलेली. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि धुकं विरळ होईपर्यंत तासभर थांबला. मला सांगताना त्याचा आवाज अजून धड नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात आली. दिवे चालू करून मी मीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई दिव्याच्या काळ्या वायरीच्या टोकावर धरली. १.९ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. अर्थचा बोल्ट उघडला. थिंबलच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याच्या) खाली ब्रॅकेटचा काळा पावडर कोट (रंगाचा थर) जसाच्या तसा, नव्यासारखा चकाकत होता. रंगातून वीज जात नाही. बोल्ट फिरवताना भोकाच्या कडेचा कोट जेवढा खरवडला गेला होता, तेवढ्या दोन-तीन आट्यांतून दहा अँपिअर करंट वर्षभर जात होता. ते आटे तापून तपकिरी झाले होते आणि पावसाचं पाणी पोहोचल्यावर त्यांच्यावर गंज धरला होता. बोटाने घासलं तर भुगा हातावर आला.

थिंबलच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी स्टार वॉशर घातला, नवं थिंबल क्रिम्प केलं, म्हणजे खास पकडीने वायरीवर दाबून बसवलं, आवळलं, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तर ०.०८. एकही नवा दिवा लागला नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अर्थ दिव्याच्या ब्रॅकेटवर कधीच घेऊ नका; चासीवर किंवा बॉडीच्या मूळ अर्थ पॉइंटवर घ्या, किंवा सरळ बॅटरीपर्यंत वेगळी काळी वायर न्या. छतावरच्या दिव्यांसाठी तर मी नेहमी वेगळी वायरच नेते. दुसरं, मीटरचा बीप ऐकून समाधान मानू नका. बीपच्या चाचणीत मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. एका तारेच्या धाग्यावर लोंबणारी वायरही बीप देते, पण दहा अँपिअर आले की तीच दम टाकते. म्हणून दिवे चालू ठेवूनच व्होल्टेज मोजायचं.

५. जोड आणि कपलर

वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली दिसली की मी ती बिनविचारता कापते. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात, त्यातही बॉनेटखाली, टेपचा डिंक पातळ होऊन टेप सुटते. जूनमध्ये त्याच फटीतून पाणी शिरतं. तांब्यावर हिरवी पूड धरते आणि ती वायरीच्या आवरणाच्या आत आत सरकत जाते. आवरण दोन इंच सोलूनही तांबं काळं निघालं, तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा.

कपलर उघडा. आत हिरवं-पांढरं दिसलं तर काँटॅक्ट क्लीनर मारून ब्रशने घासा. पिन सैल झाली असेल तर बदला, चिमट्याने दाबून चालवू नका. रबरी सील जागेवर आहे ना बघा. पुष्कळदा बसवणाऱ्याने ते काढून फेकलेलं असतं.

सोल्डर करावं का, असं खूपजण विचारतात. हलत्या जागी नको. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि सोल्डर संपतं त्या कडेला वायर हादऱ्यांनी तुटते. चांगल्या पकडीने केलेलं क्रिम्प आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, हे वर्षानुवर्षं टिकतं. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल म्हणजे क्रिम्प नव्हे. वायर ओढून बघा, निघून हातात येईल.

दिव्यात किंवा छतातून आत शिरताना वायरीला आधी खाली झोळ द्या आणि मग वर न्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, कपलरमध्ये जात नाही. हे साधं काम बसवणारे हमखास विसरतात.

६. रिले

गाडीच्या हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच आकाराचा आणि पायांचा असतो. पायांचे आकडे जुळतात का बघून अदलाबदल करा. दिवे लागले तर रिले गेला होता.

रिलेवर आकडे लिहिलेले असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची, म्हणजे रिले ओढणाऱ्या आतल्या गुंडाळीची, दोन टोकं. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो, आणि तो रिले बंद असताना जोडलेला असतो. दिवे चुकून त्यावर लावले की बटण बंद केल्यावर ते लागतात. सकाळी बॅटरी उतरलेली मिळते त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आतले पॉइंट चिकटलेले. रिलेवर टिचकी मारल्यावर दिवे विझले तर तेच समजा आणि रिले बदला.

टक्क वाजतो पण दिवा नाही, तर कॉइल ठीक आहे. दिवे चालू स्थितीत ३० आणि ८७ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. शून्याच्या जवळ हवं. जास्त असेल तर आतले पॉइंट जळालेत. टकटकटक वाजत राहणारा रिले बहुधा निर्दोष असतो, त्याच्या कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नसतं. ८५ चं अर्थ आणि बटणाकडून येणारी वायर बघा.

रिले बसवताना पाय खाली, डोकं वर. उलटा बसवला की तो पाण्याची वाटी होतो.

७. वायरीची जाडी

इथे थोडं गणित आहे, पण ते एकदा केलं की पुन्हा कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम. छतावरच्या दिव्यांपर्यंत वायर खांबातून फिरून जाते, समजा ६ मीटर जायला, ६ यायला. १२ मीटरचे झाले साधारण ०.२२ ओहम. त्यातून १० अँपिअर गेले की २.२ व्होल्ट वायरीतच खर्च. १३.८ मधले दिव्याला उरले ११.६. हॅलोजन असेल तर प्रकाश जवळजवळ निम्मा झाला, आणि उरलेली वीज तुमच्या छताच्या लायनिंगमागे वायर तापवतेय.

तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हा खर्च सुमारे अर्ध्या व्होल्टवर येतो. दहा अँपिअरपर्यंत मी बंपरवरच्या दिव्यांना २.५ आणि छतावरच्यांना कमीत कमी ४ वापरते. दिव्यांबरोबर येणाऱ्या तयार हार्नेसवर विश्वास ठेवू नका, कापून बघा. जाड दिसणारी वायर नुसत्या आवरणाने जाड असते.

आणखी एक फसवणूक: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. बाहेरून तांबूस दिसते. ब्लेडने एक धागा खरवडा; आत चांदीसारखा पांढरा निघाला तर ती ॲल्युमिनियमची आहे, ती तांब्याहून कमी वीज नेते आणि थिंबलमध्ये तुटते. याच्या उलट, बाहेरून पांढरी आणि खरवडल्यावर आत लाल निघाली तर ते कथिल चढवलेलं तांबं आहे, पावसाळ्यासाठी सगळ्यात चांगलं. ती मिळाली तर सोडू नका.

पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (धारेपासून वायर वाचवणारं कडं) हवा. खड्ड्यात किंवा पावसातच उडणाऱ्या फ्यूजचं मूळ मला बहुतेकदा अशाच एका भोकाच्या धारेवर घासलेल्या वायरीत सापडलंय.

८. बटण आणि अप्परचा सिग्नल

दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या छोट्या बटणातून नेला असेल तर ते बटण कधी ना कधी जळणार. बटणाने फक्त रिलेची कॉइल चालवायची. अप्पर लावला की एक्स्ट्रा दिवेही लागावेत आणि डिपरवर विझावेत, ही जोडणी चांगली, कारण समोरच्यासाठी डिपर मारताना ते विसरून चालू राहत नाहीत. पण नव्या गाड्यांत हेडलाइट कंप्युटरवरून चालतात आणि सिग्नल तुकड्या-तुकड्यांनी येतो. रिले त्यावर फडफडतो. तिथे वायर टोचून बघू नका. याबद्दल शेवटी लिहिलंय.

एफएमची खरखर एलईडीच्या ड्रायव्हरमुळे येते. लाल-काळी वायर एकमेकींना पिळून न्या, अँटेनाच्या वायरीपासून लांब ठेवा. तरीही राहिली तर दिवाच हलक्या प्रतीचा आहे.

९. काचेच्या आत पाणी

सकाळी हलकी वाफ दिसून अर्ध्या तासात गेली तर ठीक आहे. थेंब साचत असतील तर सील गेलं किंवा मागचं श्वास घ्यायचं छिद्र बुजलं. ते छिद्र सिलिकॉनने बंद करू नका. दिवा तापून गार होताना हवा आत ओढतो. छिद्र बुजलं की तो हीच हवा पाण्यासकट सीलच्या फटीतून ओढतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची चाचणी, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची नव्हे. गाडी धुवायला देताना दिव्यांवर जवळून फवारा मारू नका, असं स्पष्ट सांगा.

१०. दिवे चालतात, पण दिसत नाही

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी घाटात दिसत नसेल, तर दिव्यांची निवड किंवा जागा चुकली आहे. हा सगळ्यात खर्चिक भाग, म्हणून शेवटी.

छतावरची लांब पट्टी आमच्याकडे सगळ्यांना हवी असते. कोरड्या मोकळ्या माळावर ती सुरेख चालते. ताम्हिणी-वरंधच्या धुक्यात मात्र तिच्याइतका घातक दिवा नाही. तिचा झोत तुमच्या नजरेच्या अगदी जवळून निघतो, धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांत परत येतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यासाठी दिवा खाली, बंपरच्या पातळीला, रुंद पसरणारा आणि वरची कड कापलेला हवा. दहा मीटरवरच्या भिंतीवर झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा वीतभर खाली ठेवते मी. रंग ३००० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळा मला स्वतःला सोसतो. ६००० चा निळसर पांढरा ओल्या डांबरावर डोळ्यांना त्रास देतो. वॅटच्या आकड्यांमागे धावू नका. व्यवस्थित झोताचे ३० वॅटचे दोन दिवे, फेकाफेकी करणाऱ्या १८० वॅटच्या पट्टीपेक्षा घाटात कितीतरी जास्त दाखवतात, आणि वायरीलाही सोपे.

बसवताना रेडिएटरचा वारा आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही हे बघा. बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर) दिवे लावायचा बेत असेल तर तो सोडून द्या. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच ते लावता येतात. म्हणून खरेदीच्या आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत, किंवा एमएच-१४ ची गाडी असेल तर मोशीला, जाऊन विचारा. आणि हायवेवर, चांदणी चौकात, समोरून दुचाकी येत असताना हे दिवे बंद ठेवा. समोरचा माणूस आंधळा झाला तर तो तुमच्यावरच येतो.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

योग्य अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला. तिसरा घालून बघू नका. कुठेतरी शॉर्ट आहे.

जळका वास आला किंवा आवरण वितळलेलं दिसलं. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच पुढचं बोला. जळलेली वायर शेजारच्या वायरींनाही चिकटलेली असते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

वायर विंडशील्डशेजारच्या खांबातून न्यायची आहे आणि गाडीला एअरबॅग आहेत. पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर त्यांना मीटरही लावू नका.

हेडलाइटचा सिग्नल कंप्युटरवरून येतोय. हे काम गाडीचं वायरिंग डायग्रॅम ज्याच्याकडे आहे त्याचंच.

छताला नवं भोक पाडायचंय, विशेषतः वर सोलर पॅनल किंवा आत आडवे पत्रे असताना. आणि मागची लिथियम बॅटरी दिवे लावल्यावर स्वतःहून बंद होत असेल, तर तिचा बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) काहीतरी सांगतोय. त्याला वळसा घालून दिवे जोडू नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो लक्षणांचा कागद न्या, आणि त्यावर चार आकडे लिहून न्या, सगळे दिवे आणि इंजिन चालू असताना घेतलेले: बॅटरीच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, दिव्याच्या कपलरवरचं व्होल्टेज, अर्थच्या वाटेवरचं व्होल्टेज आणि रिलेच्या ३० ते ८७ मधलं. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी हेच चार आकडे त्याच्यासमोर पुन्हा मोजा.